विमल आणि तिच्या अवघडलेल्या पोरी

दुपारची ओपीडी संपवून मी हात धूत होते, तेव्हा फोन वाजला. नाव सुगंतीचं होतं. सुगंती फोन करते ती बहुतेक एखाद्या पोरीचं काही अडलं म्हणूनच. त्यामुळे मी ओल्या हातानंच फोन उचलला आणि विचारलं, "कोण आहे? कितवा महिना?"  ती म्हणाली, "मॅडम, पोरगी नाई... बाई गेल्या."

बाई म्हणजे विमल. विमल तायडे. हिवरखेडच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली आणि माझी अमरावतीच्या होस्टेलपासूनची मैत्रीण. नेहमीसारखी सकाळी वस्तीवर जायला निघाली होती. चप्पल घालायला म्हणून ओट्यावर टेकली. प्रल्हादभाऊ, तिचे यजमान, आतून ओरडले, "छत्री ने वं, ऊन हाये." उत्तर आलं नाही. विमलनं उत्तर दिलं नाही असं त्या घरात कधी होत नसे, म्हणून ते बाहेर आले... तोवर सगळं झालेलं होतं.

मी अकोल्याहून पोचले तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या नेसलेल्या तिच्या समाजाच्या बाया, शाळेतले शिक्षक, आता बाप्ये झालेले तिचे विद्यार्थी. आणि कुंपणाला लागून, जराशा वेगळ्या, वस्तीवरच्या कोरकू आदिवासी बाया. बहुतेकींच्या कडेवर लेकरू. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा त्यांना त्यातला शब्द येत नव्हता, पण सगळ्यांनी हात जोडले होते. एक लेकरू रडायला लागलं, तसं कोणी तरी त्याच्या आईला बाजूला जायला खुणावलं. प्रल्हादभाऊ म्हणाले, "राहू द्या. तिले सवय हाये."

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. लिहावं की नाही, असं मनात होतं. विमलला स्वतःबद्दल बोललेलं आवडत नसे. पण तिनं जे काम केलं ते कोणी तरी सांगायला हवं, आणि त्या कामात मी तिच्याशी भांडत भांडत का होईना, सोबत होते.

होस्टेलमध्ये आमची पहिली भेट झाली तीच मुळी डब्यावरून. ती भातकुलीच्या बौद्धवाड्यातली, मी शेतीवाडी असलेल्या घरातली. खोलीत आम्ही दोघीच. तिनं डबा उघडला आणि माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "माह्या डब्यातलं खाशीन का? आत्ताच सांगून टाक. मंग मी रोज रोज इचारनार नाई." मी खाल्लं. मिरचीच्या ठेच्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या मुली बघायला आल्या. तिचं बोलणं असंच होतं. पुढं पुण्याच्या एका बैठकीत तिचं बोलणं ऐकून एक बाई मला हळूच म्हणाल्या, "तुमची मैत्रीण चिडली आहे का?" मी म्हटलं, नाही, ती प्रेमानं बोलते आहे.

तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. ते जमलं नाही. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी मी तिच्यासमोर कसं जाऊ या विचारात होते, तर तीच धावत आली, पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "तू पोटातलं पाह्य, मी डोक्यातलं पाहीन." मी आधी परतवाड्याला सरकारी नोकरी केली, मग अकोल्यात दवाखाना टाकला. ती बी.एड. करून हिवरखेडला गेली ती तिथलीच झाली. एस.टी.त कंडक्टर असलेल्या प्रल्हादभाऊंशी तिनं लग्न केलं, तेव्हा मी चिडवलं होतं की आता तुला तिकीट लागणार नाही. त्या दोघांना मूल झालं नाही. त्यावर तिनं माझ्याकडून उपचार घेतले, काही वर्षं वाट पाहिली आणि मग एक दिवस म्हणाली, "बस झालं, मंगे. शाळेत पोरं काई कमी हायेत का?" तो विषय तिथंच थांबला.

हिवरखेडच्या बाहेर काळ्या शिवारात एक नवी वस्ती उभी राहिली. वाघांच्या जंगलासाठी मेळघाटातून उठवलेलं एक अख्खं कोरकू गाव तिथं आणून बसवलं होतं. सरळ रेषेत घरं, मध्ये रुंद रस्ता आणि सावलीला एक झाड नाही. विमल शाळेतल्या मुलांच्या निमित्तानं तिथं जाऊ लागली. सुरुवातीला परत आली की मला फोन करायची. "मंगे, हे लोक आपल्याच वऱ्हाडात निर्वासित झाले वं. दळन कुठं टाकाव, दवाखाना कुठं, कोनाले इचाराव... काईच मालूम नाई. वरच्या गावात त्यायची दाई होती. थे दुसऱ्याच वस्तीत गेली." त्या दाईचं तिनं दोन-तीनदा सांगितलं. मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळलं नव्हतं.

ते कळलं सुगंतीमुळे. सुगंती विमलच्या वर्गात होती. बोलायची कमी, पण बेडकाचं हृदय फळ्यावर सगळ्यात नीट काढायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. त्याच वर्गातली आणखी एक मुलगी यायची थांबली होती. अश्विनी. ही गावातल्या एका चांगल्या शेतकरी घरातली. काका पंचायतीत, घरी ट्रॅक्टर. तिच्याबद्दल विचारलं की "मामाकडे गेली" एवढंच उत्तर मिळायचं. विमल दोघींच्या घरी गेली. दोघींचीही लग्नं लावून टाकली होती, आणि दोघीही पोटुशा होत्या. वय सोळाच्या आसपास.

सुगंतीच्या आईनं निदान दार उघडलं. नवी जागा, गावात टगी पोरं, पोरीला काही झालं तर कोणाकडे जायचं, म्हणून जातीतल्याच एका पोराशी लग्न उरकलं, असं तिनं सांगितलं. तो पोरगाही मिसरूड फुटायच्या वयाचा. दवाखान्यात मात्र नेणार नव्हते, कारण शेजारच्या वस्तीत एका मुलीला नेलं तर पोलीस आले आणि जावयाला घेऊन गेले. दाई नाही, डॉक्टर नाही. पोरगी घरातच बाळंत होणार होती, कोणाच्या हातून ते ठरलेलं नव्हतं.

विमलनं मला फोन केला. "तिले आनतो तुह्याकडे. पोलिसायले सांगू नको."

मी म्हटलं, "आण. पण कळवावं लागेल मला. मुलगी अठराच्या आत आहे. कायदा आहे, विमल."

"तू डाक्टर हायस का शिपाई?"

"डॉक्टर आहे म्हणूनच कळवावं लागतं. मी लपवलं, तर उद्या माझा दवाखाना बंद होईल. मग तुझ्या पोरींना कोण बघेल?"

तिनं फोन आपटला. आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत एवढी ती कधी चिडली नव्हती. मला वाटलं, आता महिनाभर बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दवाखान्याच्या दारात उभी होती, हिवरखेडहून पहिल्या एस.टी.नं आलेली. म्हणाली, "कायदा हाये त हाये. पन मंग आपनच पयले जाऊ ठान्यात. पोट्टी कळा देऊन राहिली आन् दारात गाडी उभी, असं नाई झालं पाह्यजे. चाल."

आम्ही गेलो. ठाण्यात एक तरुण महिला अधिकारी होत्या. विमलनं काही लपवलं नाही, आणि विनवणीही केली नाही. म्हणाली, "मॅडम, तुमची केस तुमी करा. फक्त मले एवढं सांगा, पोरीचा जबाब तुमी तिच्या घरी साध्या साडीत येऊन घ्यान का? आन् तिची तपासनी बंद पडनार नाई, याची जिम्मेदारी कोनाची?"  त्या बाईंनी चहा मागवला. बालकल्याण समितीच्या लोकांशी कोणत्या क्रमानं बोलायचं, हे त्यांनीच समजावून सांगितलं.

मग विमल वस्तीवर गेली आणि तिनं सुगंतीच्या वडिलांना खरं ते सांगितलं. हे मला नंतर सुगंतीनंच सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, "केस होईन. मी खोटं नाई बोलत. पोराले अकोल्याले याव लागन, मी संग येईन. हरेक टायमाले येईन. पन पोट्टी जगली पाह्यजे, भाऊ. बाकी सारं मांगून निस्तरता येते."  पुढं कित्येक महिने वडील विमलशी एक अक्षर बोलले नाहीत. पण तपासणीच्या दिवशी सुगंतीला रिक्षात बसवून द्यायला ते स्वतः रस्त्यापर्यंत येत.

सुगंती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, आत कागदासारखं पांढरं. रक्त अगदी कमी. जंगलात मिळायच्या त्या भाज्या, मासे, मोह, इथं काहीच नव्हतं. दुकानातला तांदूळ आणि चहा-टोस्ट यावर ती दिवस काढत होती. रक्त भरलं, गोळ्या दिल्या, विमलनं शेंगदाणे-गुळाचे लाडू करून तिच्या दप्तरात भरले आणि समोर बसून खायला लावले. सुगंती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, माझ्या तळहातावर मावेल एवढी. आम्ही ती सुगंतीच्या छातीवर उघड्या अंगानं ठेवली, वरून गोधडी गुंडाळली, आणि सुगंती कित्येक दिवस तशीच बसून राहिली. विमल रोज यायची आणि खिडकीतून विचारायची, "दूध वढून राहिली का?" जेव्हा सुगंतीनं पहिल्यांदा मान हलवून "हाव" म्हटलं, तेव्हा विमल तिथल्या तिथं बाकावर बसली. 

आम्ही सगळे सुगंतीच्याच काळजीत होतो. वस्तीवरची, परकी, गरीब... अश्विनीचं तिच्या घरचे बघतील, असं मला वाटत होतं. विमलला तसं वाटत नव्हतं. बाळंतपणाला माहेरी आणलेल्या अश्विनीच्या घरी ती पुन्हा पुन्हा जात राहिली. एकदा अश्विनीच्या काकांनी तिला ओट्यावरच अडवलं. "बाई, तुमी आमच्या घरच्या भानगडीत काहून पडता? आता तुमच्या लोकायनं आमाले शिकवाव का?" विमल म्हणाली, "तिच्या पायाले सूज हाये का, एवढंच इचारून राहिली मी. तेवढं सांगा, मी जातो." दार बंद झालं. तिनं ते मला सांगितलं तेव्हा मी चिडले. ती म्हणाली, "माह्या अपमानाचं नंतर पाहू. सुजेचं कोनी सांगतलं नाई अजून."

पण त्या घरातल्या कोणी तरी तिचा प्रश्न ऐकला होता. एका दुपारी अश्विनीच्या आईनं विमलच्या घरी फोन केला. आवाज दबलेला. "बाई, पायच नाई, तोंडबी सुजलं. डोकं लय दुखते म्हनते. डोळ्यासमोर अंधारी येते. घरचे म्हनतात उष्णता झाली." विमलनं तिला एवढंच विचारलं, "गाडी तुमी काढता का मी आनू?" प्रल्हादभाऊ ओळखीची एक जीप घेऊन आले. काका दारात उभे होते. अश्विनीची आई, जी त्या घरात कधी मोठ्यानं बोलली नसेल, ती काकांना बाजूला सारून पोरीला धरून बाहेर आली. अकोटच्या अलीकडेच अश्विनीला झटके सुरू झाले. विमलनं तिला कुशीवर वळवून धरलं, तोंडातला फेस पदरानं पुसत राहिली आणि एका हातानं मला फोन लावला. आम्ही अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सगळी तयारी ठेवायला सांगितलं, मीही तिथं पोचले. तिथल्या लोकांनी जिवाचं रान केलं. अश्विनी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

शुद्धीवर आल्यावर अश्विनीनं आधी आईकडे पाहिलं नाही, विमलकडे पाहिलं. "बाई, माह्या पेपरायचं काय?" दहावीची परीक्षा जवळ आली होती. मूल गेल्याचं तिला अजून सांगितलं नव्हतं. विमलनं तिचा हात धरला आणि तिला खरं ते सांगितलं, हळू, पण आडपडदा न ठेवता. मी इतकी वर्षं लोकांना वाईट बातम्या दिल्या आहेत. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

बाहेर आल्यावर विमल म्हणाली, "पाह्यलं का मंगे? आपन जंगलातलीची काळजी करत बसलो. सोळा वर्साच्या पोट्टीचं पोट, थे वस्तीवरचं असो का गावातलं, सारखंच कच्चं. एकीले दवाखाना मालूम नव्हता आन् दुसरीले मालूम असून जाऊ देल्लं नाई." मी या विषयावर पुष्कळ वाचलं आहे, परिषदांमध्ये बोललेही आहे. अकोल्याच्या त्या व्हरांड्यात तिनं जे म्हटलं त्याच्या पलीकडे मला अजून फारसं काही सांगता येत नाही. कमी रक्त, चढलेलं बी.पी., वेळेआधी जन्मलेली हलकी बाळं, हे सगळं दोन्हीकडच्या पोरींत मी पाहिलं. फरक पडायचा तो कोणी वेळेवर विचारलं का, आणि पोरगी वेळेवर घराबाहेर निघू शकली का, यानं. वस्तीवरच्या बायांचा एकदा विश्वास बसला की त्या लवकर यायच्या. गावातल्या पोरी मात्र लाजेपायी उशिरा यायच्या. ही लाज त्यांची नव्हतीच, घरच्यांची होती.

अश्विनीला शाळेत परत घ्यायला मुख्याध्यापक तयार नव्हते. लग्न झालेली, बाळंतपण झालेली मुलगी वर्गात बसली तर इतर मुलींवर काय परिणाम होईल, असा त्यांचा प्रश्न. विमल म्हणाली, "परिणाम होईन ना सर. लगन करू नाई, हे बाकीच्या पोरीयले माह्यापेक्षा तीच चांगलं सांगन." त्या वर्षी परीक्षा हुकली, पण पुढच्या वर्षी अश्विनी बसली आणि पास झाली. सुगंतीही बसली, लेकीला प्रल्हादभाऊंच्या मांडीवर ठेवून. ती पहिल्या खेपेला गणितात गेली आणि दुसऱ्या खेपेला सुटली. अश्विनी सासरी परत गेली नाही. हे सगळं मी चार ओळींत लिहिते आहे; प्रत्येक गोष्टीमागं विमलच्या किती खेपा झाल्या असतील ते तिलाच माहीत. सुगंतीच्या नवऱ्याच्या कोर्टातल्या प्रत्येक तारखेला ती अकोल्याला आली. आली की जेवायला माझ्याकडे, आणि जेवताना माझ्याशी भांडण.

मग तिनं ती खोली काढली. घराची रस्त्याकडची मोठी खोली, जिथं पूर्वी तिच्या शिकवण्या चालत. निवृत्तीनंतर शिकवण्या वाढतील असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं बाकडी शाळेला देऊन टाकली आणि पलंग आणले. दिवस भरत आलेल्या लहान वयाच्या पोरींनी शेवटचे आठवडे तिथं राहायचं, म्हणजे दवाखान्याची गाडी दारापर्यंत येईल. संबंधित अधिकाऱ्यांना तिनं आधीच कळवलं, बोलावून खोली दाखवली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. गावभर झालं, बाईंनी धर्मशाळा काढली. सुरुवातीला गावातल्या पोरी वस्तीवरच्या पोरींशेजारी झोपायला तयार नसत. एकीला भाकर पाहिजे, दुसरीला डोंगरातल्या कुटकी या बारीक धान्याचा भात. प्रल्हादभाऊ दोन्ही करायला शिकले. विमलला स्वयंपाक बेताचाच यायचा, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत. ती कोरकू शिकली, म्हणजे पोरींना हसू येईल इतपत. आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून शरीर कसं असतं, मूल कुठं वाढतं, पाळी काय, पुढचं मूल केव्हा आणि ते कोणी ठरवायचं, हे फळ्यावर शिकवायची. फळा तेवढा तिनं ठेवला होता.

सगळ्याच वाचल्या असं नाही. एक पोरगी गेली. आणायला उशीर झाला होता...  मी भेटायला गेले तर विमल खोलीतल्या पलंगांच्या चादरी धूत होती. मी म्हटलं, थोडी विश्रांती घे, किती करशील. तिनं चादर पिळली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर. उद्या दोघीजनी येऊन राहिल्या."

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर काही दिवसांनी मी हिवरखेडला गेले. वाटभर विचार करत होते की खोलीचं काय करायचं. प्रल्हादभाऊंचं वय झालं आहे. त्यांना म्हणायचं, आता पुरे. पोरींची सोय मी अकोल्यात करते. घरापाशी पोचले तर आतून भांडणाचा आवाज येत होता. गावातल्या एका पोरीला पंखा मोठा हवा होता, वस्तीवरचीला थंडी वाजत होती. सुगंती, जी आता वस्तीची आशाताई आहे, दोघींना दोन भाषांत रागावत होती. अश्विनी अकोल्याला नर्सिंग शिकते, ती सुट्टीवर आलेली, तिनं एकीचा रक्तदाब मोजायला पट्टा बांधला होता आणि म्हणत होती, "गुमान बसा वं, वाढून दाखवतं बी.पी."

प्रल्हादभाऊ ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.  मी विचारलं, "भाऊ, लोक काय म्हणतात? पुढचं कसं?"

"म्हनतात, आता खोलीले कुलूप लावून टाका, आराम करा." त्यांनी लसणाची साल फुंकून उडवली आणि दाराकडे बोट दाखवलं. "एका पोरीले तिच्या घरच्यायनं कोंडून ठेवलं होतं. तिले आनलं ना, त्याच दिवशी विमलनं सुताराले बलावलं आन् बाहेरची कडी काढून टाकली. आतून हाये. बाहेरून नाईच. आता तुमीच सांगा डाक्टरीनबाई, कुलूप लावाव त कुठं?"

मी उठून पाहिलं. चौकटीवर जिथं कोयंडा होता तिथं दोन भोकं आहेत, ती मेणानं बुजवलेली. आतून पोरींपैकी कोणी तरी विचारत होतं, कोण आलं. मी दार लोटलं.